एकोणसत्तरचे पाणी

नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात आणि नदीकाठी जाण्याला 'गंगेवर जाणे' असे म्हणतात. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी येताच छत्री, नातू आणि स्मरणशक्ती एवढ्याच सामग्रीनिशी गंगेवर हजर होणाऱ्या वर्गाची नोंद समाजशास्त्राने यापूर्वीच घ्यावयास हवी होती. या वर्गाला सोयीसाठी 'पूरसाक्षी' म्हणता येईल. ज्याने १९६९ चा महापूर प्रत्यक्ष पाहिला आहे आणि त्यानंतरच्या एकाही पुराला ज्याने मनापासून पूर म्हटलेले नाही, असा पासष्टी गाठलेला गृहस्थ म्हणजे पूरसाक्षी. २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांतल्या मोठ्या पुरांनी त्याला वाकवण्याचे प्रामाणिक प्रयत्न केले. तथापि 'एकोणसत्तरला याच्या दुप्पट होतं' या वाक्यापुढे त्यांचे काही चालले नाही.

शासकीय दप्तरात पुराची नोंद कशीही होवो, गावात पूर सांगितला जातो तो रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या अवयवांत. एकमेकांकडे पाठ केलेली दोन तोंडे असलेल्या या मूर्तीच्या पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला आणि अखेरीस गळ्याला पाणी लागते, आणि वर्तमानपत्रेही हीच परिभाषा वापरतात. मारुती दिसेनासा झाला की माप नारोशंकराच्या मंदिराकडे आणि त्याहीपुढे सराफ बाजारातल्या सरकारवाड्याच्या पायऱ्यांकडे सरकते. परगावच्या माणसाला हे शास्त्र अवगत नसल्यामुळे गैरसमज होतात. पुण्याहून काळजीने फोन करणाऱ्या सुनेला पूरसाक्षी 'काही विशेष नाही, पायाला लागलंय फक्त' असे सांगतो, तेव्हा ती 'कोणाच्या? औषध लावलं का?' असे विचारते, आणि त्यात तिचा दोष काढता येत नाही.

नातवाचे पाहणे अगदी निराळे असते. पूरसाक्षी समोरच्या पाण्यात आठवणीतले पाणी पाहतो, तर नातू त्याच पाण्यात वाहून जाणारी एकच चप्पल पाहतो आणि दुसरी कुठे असेल या विचाराने खरोखर अस्वस्थ होतो. 'मारुतीच्या एका तोंडात पाणी गेलं, तर तो दुसऱ्या तोंडाने श्वास घेतो का?' या त्याच्या प्रश्नाला 'एकोणसत्तरला दोन्ही तोंडं बुडाली होती' असे उत्तर मिळते, जे ऐतिहासिक असले तरी उत्तर नव्हे. पुढे आजोबा, धरणातून 'वीस हजाराने' सोडले आहे, असे जाहीर करतात. हा आकडा क्युसेकचा, म्हणजे दर सेकंदाला वाहणाऱ्या घनफुटांचा असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, अर्थात आंघोळीच्या साधारण दोन बादल्या. एवढे समजताच नातू हिशेब करून 'चाळीस हजार बादल्या? एका सेकंदात? ओततं कोण?' असे विचारतो, आणि आकड्यातला थरार त्या कठड्यापाशी केवळ त्यालाच कळलेला असतो.

ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की रुंद पेल्यातले पाणी मुलासमोरच उंच, अरुंद पेल्यात ओतले, तर साधारण सात वर्षांखालील मूल पाणी वाढले असे सांगते, कारण त्याची नजर केवळ उंचीवर खिळलेली असते. पात्रात काँक्रीट ओतले गेले, काठ आवळले गेले, तरी मारुतीच्या कमरेवरून दोन काळांतल्या पुरांची तुलना करणारा पूरसाक्षी या प्रयोगात कोणत्या वयोगटात बसेल, हे सौजन्यास्तव येथे सांगितलेले नाही.

या मापाचे मूळ शोधू गेल्यास मात्र मारुतीच्याही मागे जावे लागते. १९६९ साली पूरसाक्षी नऊ वर्षांचा होता. 'आमच्या अंगणात गळ्याइतकं पाणी होतं' असे तो सांगतो, आणि ते खोटे नाही. पण त्याच अंगणातल्या त्याच पाण्याचे माप थोरल्या बहिणीच्या आठवणीत कमरेपर्यंतच भरते, कारण ती तेव्हा अठराची होती आणि हा तिच्या कडेवर बसायचा हट्ट करीत होता. घरातल्या मोठ्यांनी त्या दिवशी भिजलेले धान्य आणि वाहून गेलेली भांडी मोजली. नऊ वर्षांच्या मुलाने शेजाऱ्यांच्या माडीवर कंदिलाच्या उजेडात चिवडा खाल्ला, शाळेला किती दिवस सुट्टी मिळेल याचा अंदाज बांधला आणि कोणी न रागावता रात्रभर जागण्याचा आयुष्यातला पहिला मान मिळवला. दुप्पट होते ते हे. पंचावन्नाहून अधिक वर्षे कोणत्याही पुराला त्याची बरोबरी करता आली नाही, यात धरणाचा किंवा पर्जन्यमानाचा काही संबंध नाही.

पावसाची सर वाढली की पोलीस शिट्टी फुंकतात, आणि पूरसाक्षी 'यात पाहण्यासारखं आहेच काय' असे पुटपुटत, परंतु तासाभराने, घरी परततो. दारातच धाकटी नात पाणी किती आले ते विचारते. आजोबा छत्री झटकत 'गुडघ्याला' म्हणतात. नातू मात्र टाचा उंचावून, 'मारुतीला इथपर्यंत आलं होतं!' असे सांगतो आणि तळहात आडवा धरून स्वतःच्या गळ्याला लावून दाखवतो.