अपूर्ण वर्तमानकाळ

वैशाखातल्या भर दुपारी, आर्णी रस्त्याच्या उजव्या अंगाला, उपटायच्या राहून गेलेल्या पऱ्हाट्यांच्या वाळक्या सांगाड्यांत मला उभे करून, "हा तुमचा दिवाणखाना, सर, इकडं देवघर, तिकडं काकूंचं सैपाकघर, अन् हा समोरून ऐंशी फुटी रस्ता जाऊन रायला," असे त्यांनी हाताच्या एका ऐसपैस फेकीसरशी जाहीर केले, तेव्हा मी चष्मा पुसून समोर पाहिले. समोरून एक शेळी जाऊन राहिली होती.

जमिनीचा दलाल कसा दिसतो हे सांगण्यात मी वाचकांचा वेळ दवडणार नाही. ज्याने गृहस्थाश्रमाला साजेसा भूखंड आयुष्यात एकदा तरी धुंडाळला आहे, त्याला ती मोटारसायकल, तिच्या मुठीला लटकणाऱ्या रेक्झिनच्या पिशवीतून डोकावणाऱ्या सातबारांच्या झेरॉक्स, खांद्यावरचा दुपट्टा आणि एका कानाशी मोबाइल धरून दुसऱ्या कानाने आपले बोलणे ऐकण्याची ती योगसिद्धी, हे सारे पाठच असणार. यवतमाळात त्यांना सगळे 'भाऊ' म्हणतात आणि तोंडावर मीही तसेच म्हणतो; परंतु तीस वर्षे शाळेत मराठीचे व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या मनुष्याची खोड म्हणा, मनातल्या मनात मी त्यांचे नामकरण 'अपूर्ण वर्तमानकाळ' असे केले आहे.

दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचे व्याकरण छापले आणि मोरो केशव दामल्यांनी 1911 साली आपला शास्त्रीय व्याकरणाचा भरभक्कम ग्रंथ सिद्ध केला. परंतु हे दोघेही विद्वान भाऊंच्या मोटारसायकलवर मागे बसून दारव्हा रस्ता, धामणगाव रस्ता आणि आर्णी रस्ता असे कधी हिंडले नसल्यामुळे त्यांच्या काळविचारात एक मोठी उणीव राहून गेली आहे. पुण्याकडचा मनुष्य जेथे 'येत आहे' म्हणतो, तेथे आमचा वऱ्हाडी मनुष्य 'येऊन रायला' म्हणतो. प्रयोग गोड आहे आणि मला तो प्रिय आहे. मात्र जी क्रिया डोळ्यांदेखत चालू आहे तिच्यासाठीच तो वापरावा, ही जी एक माफक अट भाषेने घातली होती, ती भाऊंनी केव्हाच खारीज करून टाकली. ज्या रस्त्याची आखणी नाही तो जाऊन रायला, ज्या शाळेला मान्यता नाही ती उघडून रायली, आणि ज्या शेजाऱ्याने अद्याप प्लॉट पाहिलासुद्धा नाही तो वास्तुशांतीला बोलावून रायला.

या काळाची सर्वांत मोठी लाभार्थी होती रेल्वे. यवतमाळकरांच्या वाट्याला पिढ्यान्पिढ्या जी आली ती मूर्तिजापूरहून 113 किलोमीटर डुलत येणारी अरुंद मापाची शकुंतला, आणि तीही आता थांबली आहे. वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडला जाणारा 284 किलोमीटरांचा मोठा मार्ग जेव्हा केवळ कागदपत्रांतून धावत होता, तेव्हापासून भाऊ प्रत्येक गिऱ्हाइकाला भूखंडाच्या ईशान्येकडे तोंड करून उभे करीत आणि कान टवकारून म्हणत, "येऊन रायली ना, सर!" त्यांचा आविर्भाव असा की मीही दोन वेळा नकळत रुळांपासून दूर सरकलो. पाण्याचेही तेच. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या दोन्ही धरणांनी तळ दाखविला, सारे शहर टँकरच्या मागे घागरी घेऊन धावत होते, आणि भाऊ एका भयभीत खरेदीदाराला कोरड्या नळाची तोटी फिरवून दाखवीत सांगत होते, "बेंबळ्याच्या धरणाचं पाणी येऊन रायलं." पुढच्याच वर्षी जानेवारीत आमच्या गावी 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्या आठवड्यापुरती त्यांची सगळी ले-आऊट्स 'साहित्यिकांची वस्ती होऊन' राहिली होती, संमेलनाध्यक्षा अरुणा ढेरे यांनी यवतमाळात बंगला बांधण्याचा विचार केल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. अलीकडे महारेराने दलालांसाठी परीक्षा आणि प्रमाणपत्र सक्तीचे केले. मी सहज विचारले, "काय भाऊ, परीक्षेचे काय?" उत्तर काय आले हे चाणाक्ष वाचकांना सांगायला नकोच. भाऊ परीक्षा देऊन रायले आहेत.

आता न्यायाने हेही सांगितले पाहिजे की भाऊंना दुसरा काळ येत नाही असे नाही. एक येतो, आणि तो ते केवळ दलालीसाठी राखून ठेवतात. पूर्ण भूतकाळ! खरेदीखत नोंदवून दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून आम्ही बाहेर पडलो आणि चहाच्या टपरीवर टेकलो, तोच दुपट्ट्याने मान पुसत, जणू एखादे पुराणवचन आठवावे तसे ते उद्गारले, "दोन टक्के ठरले होते ना, सर." वस्तुतः काहीही ठरले नव्हते. सहा महिने मी जेव्हा जेव्हा तो विषय काढला, तेव्हा तेव्हा "तुमच्याकडून काय घेऊन रायलो मी?" असे म्हणून त्यांनी मला गप्प केले होते, आणि त्या वाक्यातील अपूर्ण वर्तमानकाळ मी, एक व्याकरणाचा शिक्षक, नकार समजलो होतो.

मी कायदा काढला. 'दलाल' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या पेठेतून आला. 'दलील' हा त्याचाच सख्खा भाऊ. दोघांच्याही मुळाशी वाट दाखविण्याचा अर्थ आहे, असे सांगून मी विचारले, की वाट तर तुम्ही मलाही दाखविली आणि विकणाऱ्यालाही, मग एकाच वाटेचा जकातनाका दोन्ही टोकांना कसा? भाऊ शांतपणे म्हणाले, "सर, पुलाले दोन्ही थडीचा आधार लागते." या उपमेला मम्मटाकडेही उत्तर नसते. दर किती असावा हे त्या वेळच्या कोणत्याही कायद्यात नव्हते आणि पुढे 2016 साली स्थावर संपदेचा कायदा आला, त्यानेही दलालाला नोंदणी लावली, पण टक्क्याविषयी मौनच धरले. त्यामुळे उरतो तो रिवाज, आणि रिवाज म्हणजे दोघांपैकी ज्याचा आवाज मोठा त्याची स्मरणशक्ती.

इथे मला एक कबुलीजबाब दिला पाहिजे. जमिनीचा मालक दारव्ह्याला राहतो असा सुगावा लागताच मी एका रविवारी, घरात कोणालाही न सांगता, एस.टी.ने दारव्हा गाठले होते. हेतू उघड होता: मधला मनुष्य वगळावा आणि टक्का वाचवावा. मनाला मी बजावीत होतो की यात गैर काहीच नाही. शहाणा मनुष्य काटकसर करतोच. विचारीत विचारीत घर सापडले, फाटक ढकलले, आणि पाहतो तो ओसरीवर मालकाच्या शेजारी मांडी घालून, बशीतला चहा फुंकीत, भाऊ! मला पाहून ते किंचितही चकित झाले नाहीत. मालकाकडे वळून एवढेच म्हणाले, "पाहा, सांगतलं होतं ना? सर येऊन रायले." त्यांच्या त्या काळाचा प्रयोग व्याकरणदृष्ट्या निर्दोष झालेला मी आयुष्यात तेव्हा प्रथमच ऐकला, आणि तो कर्ता नेमका मीच असावा याचा मला फार खेद झाला. त्या प्रसंगाचा उल्लेख त्यांनी पुढे कधीही केला नाही. केला असता तर बरे झाले असते.

तर टपरीवर घासाघीस सुरू झाली. भूखंडाची किंमत 12 लाख. मी एक टक्का म्हणत होतो, ते दोन. माझी वाणी संपली तेव्हा भाऊंनी खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली माझी बोटे धरली. गुरांच्या बाजारात चालणारी ही हत्त्याची जुनी पद्धत. त्यांचे वडील बैलांच्या दलालीत होते. कापडाखाली एक बोट दाबले, मग दुसरे अर्धे, मग काहीतरी पिळले. मीही सभ्यपणा म्हणून उलट दाबले. माझ्या बोटांनी नेमके काय कबूल केले ते मला भाऊंच्या चेहऱ्यावरील प्रसन्नतेवरून कळले. पावणेदोन टक्के, 21 हजार रुपये. घरी येईपर्यंत मी हळहळत होतो. मुद्रांक शुल्कापोटी सरकारने त्याच दिवशी माझ्याकडून त्याच्या तिपटीहून अधिक रक्कम घेतली होती, शिवाय नोंदणीचा एक टक्का निराळा. पण तेथे मी रांगेत उभा राहून, मुकाट्याने आणि मोडीची सोय करून, पैसे भरले होते. ज्याच्या हातावर दुपट्टा टाकता येतो त्याच्याशीच आपण भांडतो.

एक गोष्ट मात्र मी एवढा वेळ दडवून ठेवली, आणि ती अनिच्छेनेच सांगतो. या भूखंडाच्या आधी मी वडगावकडे एक दुसरा भूखंड जवळजवळ घेतलाच होता. स्वस्त, कोपऱ्याचा, पूर्वाभिमुख. कडुनिंबाची दोन झाडेही आयती. इसारचिठ्ठीचा मजकूरही तयार झाला होता. ज्या सकाळी इसार द्यायचा, त्या सकाळी सात वाजता भाऊ दारात येऊन उभे राहिले, पिशवीतून ले-आऊटच्या मंजूर नकाशाची चुरगळलेली प्रत काढून त्यांनी ती माझ्या पलंगावर पसरली आणि एका हिरव्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, "हे घेऊ नका, सर. कागदावर हा बगीचा हाये." मोकळी ठेवायची जागा कोणीतरी तुकडे पाडून विकत होते. दोन्ही बाजूंची दलाली ठरलेली असताना भाऊंनी ती पाण्यात सोडली, नकाशाची गुंडाळी करून पिशवीत घातली आणि माझा चहाही न घेता निघून गेले. 1872 च्या करार कायद्याचे 219 वे कलम म्हणते की, तसा खास करार नसेल, तर अभिकर्त्याचा मोबदला काम पुरे झाल्यावाचून देय होत नाही. म्हणजे जो सौदा त्यांनी पार पाडला त्याचे त्यांना 21 हजार मिळाले, आणि जो त्यांनी मोडला, ज्यापायी माझी आयुष्याची पुंजी वाचली, त्याचे कायद्याच्या हिशेबी शून्य. कायद्याला पूर्ण क्रियाच तेवढी दिसते. या मनुष्याने माझ्यासाठी केलेली सर्वांत मोलाची क्रिया अपूर्ण होती. पावणेदोन टक्क्यांवर मी इतकी वर्षे कुरकुरलो, ते बहुधा हा दुसरा हिशेब मांडावा लागू नये म्हणून.

28 फेब्रुवारी 2024 रोजी वर्ध्याहून कळंबपर्यंतच्या लोहमार्गाचे उद्घाटन झाले. त्या रात्री भाऊंचा फोन आला. मला वाटले, आता विजयाचा चौघडा ऐकावा लागणार. परंतु पलीकडून बराच वेळ काही शब्दच येईना, मग एखाद्या दूरच्या आप्ताची वार्ता द्यावी अशा आवाजात ते म्हणाले, "सर, रेल्वे कळंबले आली." आली! साधा भूतकाळ. बारा वर्षे ज्या गाडीला त्यांनी आपल्या एकट्याच्या जिभेवर धावती ठेवली, ती लोखंडाच्या रुळांवर येताच त्यांची उरली नाही. चिंतामणीच्या कळंबात आता तिची वेळापत्रके लागणार, तिकिटे फाटणार, आणि ती उशिरा आली म्हणून लोक तिला शिव्या घालणार. मला काय बोलावे सुचेना. "भाऊ, अजून यवतमाळ बाकी आहे," मी म्हणालो. पलीकडे जीव भांड्यात पडल्याचे मला स्पष्ट ऐकू आले. "हो ना! येऊन रायली!"

यंदा दिवाळीनंतर एका संध्याकाळी ते सहज म्हणून घरी आले. ऐंशी फुटी रस्ता वीस फुटांवर येऊन थबकलेला आहे, त्या वीस फुटांत मोटारसायकल लावून ते अंगणात बसले, पारिजातकाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "घर विकून रायलो ना आपण, सर?" मी दचकलो. मुलगा पुण्याला या म्हणतो आहे, हिचे गुडघे आणि माझे डोळे आता एका घरात दोन माणसांना पुरेनासे झाले आहेत, हे मी कोणाजवळही बोललो नव्हतो. स्वतःजवळसुद्धा अर्धेच बोललो होतो. मी उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारले, पण या वेळी खाली मान घालून, "तुमी खरंच जाल, सर?"

त्यांच्या तोंडचा शुद्ध भविष्यकाळ मी प्रथमच ऐकत होतो, आणि व्याकरणाच्या इतक्या वर्षांत एवढे अवघड क्रियापद मला कोणी चालवायला दिले नव्हते. घसा साफ करून मी शक्य तितक्या रुक्षपणे विचारले, "अन् दलाली?"

"एक टक्का ठरला होता ना," भाऊ म्हणाले.

काहीही ठरले नव्हते. "नाही," मी म्हणालो, "दोन ठरले होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि माझ्या हातावर टाकला. अंधार पडेपर्यंत आम्ही त्याखाली घासाघीस करीत होतो. ते माझे एकेक बोट मिटवीत होते आणि मी ते पुन्हा उघडीत होतो. सौदा अजून होऊन रायला आहे.