औरंगजेबावर उजनी

मराठी माणसाच्या हाती कालयंत्र लागलं तर तो पहिल्यांदा कुठं जाईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. १४ जानेवारी १७६१, पानिपत. तसंही गेली अडीचशे वर्षं आम्ही मनानं तिथंच मुक्काम ठोकून आहोत. भाऊसाहेबांनी हत्तीवरून उतरायला नको होतं, बाजारबुणगे मागं ठेवायला हवे होते, होळकरांचं ऐकायला हवं होतं, असे सल्ले चहाच्या टपरीवर फुकट मिळतात. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचं पानिपत’मध्ये हे काम फार काटकसरीत उरकलं. विश्वासरावांना लागलेली गोळी त्यांनी कानाजवळून जाऊ दिली, बस्स, सगळा इतिहास फिरला. दारूगोळ्याचा खर्च शून्य.

माझ्या पुतण्याचं एका गोळीत भागत नाही. तो पुण्यात इंजिनिअरिंगला आहे आणि आजची फौज जुन्या लढाईत घुसवणाऱ्या गोष्टींचं त्याला वेड आहे. अमेरिकेत या मालाचं पीक मोठं. हॅरी टर्टलडव्ह या लेखकानं १९९२ च्या कादंबरीत त्यांच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सैन्याला चक्क एके-४७ पुरवल्या. ‘द फायनल काउंटडाउन’ सिनेमात निमिट्झ ही विमानवाहू नौका वादळात सापडते आणि थेट १९४१ मध्ये, पर्ल हार्बरच्या आदल्या दिवशी बाहेर येते. विमानं उडतात, आता जपान्यांचं काही खरं नाही असं वाटतं, तेवढ्यात वादळ परत येऊन सगळ्यांना घरी नेतं. तिकिटाचे पैसे मात्र परत मिळत नाहीत.

हा सिनेमा १९८० चा. आमचं उजनी धरणही त्याच साली पूर्ण झालं. तिकडं एक जहाज भूतकाळात गेलं, इकडं गावंच्या गावं गेली.

म्हणून आम्हा फुगवट्याकाठच्या लोकांना कालप्रवासाचं अप्रूप कमी. उन्हाळा कडक पडला की पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातून वर येतं, कुगावच्या इनामदार वाड्याच्या भिंती उघड्या पडतात, आणि म्हातारी माणसं नातवंडांना घेऊन ‘हितं आपली चूल हुती’ दाखवायला निघतात. कालयंत्रानं इथं येणाऱ्यानं मात्र जपून यावं. धरणाच्या मधोमध होडीत बसून १९६० चं बटण दाबलं तर खालचं पाणी जाईल आणि माणूस कुणाच्या तरी माळवदावर पडेल. शिवाय पत्त्याचा घोळ. वांगीला जायचं म्हटलं तर आधी कितवी ते सांगावं लागतं. पुनर्वसनात एका वांगीच्या चार झाल्या, नंबर एक ते चार. निमिट्झच्या कप्तानाला इथं आणून सोडला असता तर तो शत्रू सोडून तलाठी शोधत बसला असता.

तर मे महिना होता, धरण मायनसमध्ये गेलं होतं. बाहेरच्यांसाठी सांगतो : उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं ६३ टीएमसीच्या वर ‘मृत साठा’. जिवंत साठा ५३ च्या आसपास. म्हणजे आमच्या धरणात जित्यापेक्षा मेलेलं जास्त. जिवंत संपला की मायनस सुरू. २०२४ च्या उन्हाळ्यात तर उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरलं होतं. अशा वेळी पाणी रोज मागं सरकतं आणि आम्ही मोटर घेऊन त्याच्या मागं. पाइप वाढवायचे, केबल वाढवायची, जेसीबीनं चारी खोदायची आणि तिच्या तोंडाशी गुडघाभर गाळात उभं राहून फुटव्हॉल्व्ह बसवायचा. तो बसला असं वाटतं, स्टार्टर दाबला की पाण्याऐवजी हवा येते, आणि एखादी चिलापी आपल्याकडं बघून निघून जाते.

अशाच एका सकाळी केबल खांद्यावर घेऊन पुतण्यानं योजना मांडली. भारतीय लष्कराची टी-९० रणगाड्यांची एक रेजिमेंट, सोबत हेलिकॉप्टरं आणि ड्रोन, पानिपतावर उतरवायची. अब्दाली दुपारच्या आत खलास.

आमचे आबा, म्हणजे माझे थोरले चुलते, गाळातून पाय उपसत होते. त्यांनी विचारलं, “रणगाड्याचं वजन किती रं?”

“सेहेचाळीस टन.”

“उसाच्या दोन ट्रॉल्या काळ्या रानात फसल्या तर काढायला किती ट्रॅक्टर लागत्यात, ठावं हाय ना?”

पुतण्या म्हणाला, आबा, पानिपतला काळी माती नाही. आबांनी ते मान्य केलं आणि डिझेलवर आले. पाचेकशे किलोमीटरला टाकी रिकामी, आणि १७६१ मध्ये पंप कुठला? गोळे एका गाडीत चाळीस-पंचेचाळीस. ते संपल्यावर? ड्रोन कशावर उडणार, वर उपग्रह नाहीत. “म्हंजी रेंज न्हाय,” आबा म्हणाले. “मग आपल्या गावात आन् त्यात फरक काय?”

जपानी लोक आबांच्या पंगतीतले. १९७९ च्या ‘सेन्गोकु जिएताई’ या सिनेमात आजचे जपानी सैनिक रणगाडा, हेलिकॉप्टर घेऊन सोळाव्या शतकातल्या लढायांत पोचतात. सुरुवातीला तलवारवाल्यांची दाणादाण उडते. मग इंधन संपतं, गोळ्या संपतात, आणि तलवारवाले तर काही संपत नाहीत. शेवट सांगत नाही. आबांनी न बघता सांगितला होता.

खरं म्हणजे पानिपतावर तोफांचा तोटा नव्हताच. इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना आणि कवायती पायदळ ही त्या काळची टी-९० च होती. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांचा दिल्लीचा रस्ता तुटला. डिसेंबरात रसदीसाठी खटपट करणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. माणसं आणि घोडी उपाशी राहू लागली, आणि शेवटी उपासानं मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून फौज बाहेर पडली. हे मी पुतण्याला सांगत होतो तर आबा मध्येच म्हणाले, “मग रणगाडा कशाला न्हेतो लगा? मंगळवेढ्याची मालदांडी न्हे. धा ट्रक ज्वारी, आन् धा ट्रक कडबा.”

“आबा, कडब्याची गोष्ट कोण वाचणार?”

“घोडी वाचतील की.” (वाचतील म्हणजे जगतील. आबांना कोटी करायची नव्हती, पण झाली.)

पोरगं हार मानणाऱ्यातलं नव्हतं. दुपारी भाकरी खाताना त्यानं मोर्चा घरच्या मैदानावर वळवला. १६९५ ते १६९९ औरंगजेबाची मुख्य छावणी होती ब्रह्मपुरीला, मंगळवेढा तालुक्यात, भीमेच्या काठी. शेजारीच माचणूरचा किल्ला. आणि भीमेवर वर काय आहे? उजनी! रणगाडा नको, डिझेल नको. धरण उचलून १६९७ मध्ये ठेवायचं आणि रात्री दरवाजे उघडायचे. दीड-दोन लाख क्युसेक.

आबांची भाकरी हातातच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नातवाच्या शिक्षणावरचा खर्च वसूल झाल्यासारखा दिसला. पण ते फुगवट्याकाठी मुरलेले. लगेच अडचणी निघाल्या. धरण मायनसमध्ये असेल तर दरवाज्यातून सोडायचं काय? प्लसमध्ये असेल तर आवर्तनाशिवाय थेंब सुटत नाही, आवर्तन कालवा सल्लागार समितीशिवाय सुटत नाही, आणि समितीची बैठक औरंगजेबाच्या सोयीनं थोडीच लागणार! बैठक लागलीच तर सोलापूर शहर म्हणणार आमचं पिण्याचं आधी, करमाळा म्हणणार आमच्या जमिनी गेल्या, आमच्या वाट्याचं काय, आणि वरच्या बाजूचे पुणेकर मुळात खाली पाणीच येऊ देणार नाहीत. तोवर बादशहा छावणी हलवून मोकळा.

हे सगळं जमलं तरी मोठी अडचण पुढंच होती. ब्रह्मपुरीच्या आधी पंढरपूर लागतं. आषाढीला वाळवंटात वारकरी उभे, आणि वरून आम्ही औरंगजेबासाठी सोडलेलं पाणी. आबांनी तिथंच योजना रद्द केली. “पांडुरंगाला बुडवून बादशा मारायचा न्हाय,” असा ठराव झाला. सूचक तेच, अनुमोदक तेच.

यातली खरी गंमत मी त्यांना शेवटी सांगितली. भीमेनं धरण नसताना, कुणाचा ठराव नसताना ते काम करून टाकलेलं आहे. १६९७ च्या पावसाळ्यात तिला असा पूर आला की छावणीत हाहाकार उडाला. बादशहानं स्वतः दुवा लिहून कागद पाण्यात सोडले, असं सांगतात. आणि १७०० च्या ऑक्टोबरात छावणी सांगोला तालुक्यातल्या खवासपूरला असताना मध्यरात्री माण नदीला लोंढा आला. माण नदी! जिच्यात पाणी वाहिलं तर लोक पुलावर उभं राहून फोटो काढतात, ती. छावणीत आरडाओरडा झाला. मराठेच आत घुसले असं वाटून ऐंशी ओलांडलेला आलमगीर घाईनं उठला, ठेचकाळला, उजवा गुडघा निखळला, आणि मरेपर्यंत लंगडत राहिला. तो मेला १७०७ मध्ये, नगरजवळ.

पुतण्या गप्प झाला. आबांनी फक्त एवढंच विचारलं, की माणला तेव्हा पाणी आलं कुठनं.

या प्रकारच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना एक विनंती. निमिट्झ पुष्कळ झाली, आता खवासपूरची रात्र लिहा. नायिका तयार आहे आणि तिला डिझेल लागत नाही. आणि ओघात कुठं वांगीचा उल्लेख आलाच तर नंबर नीट टाका, नाहीतर उरलेल्या तिन्ही गावांतून पत्रं येतील.