सोयाबीन चढंना, रॅम उतरंना

आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या मधल्या पळाट्यांच्या कुंपणाला एक भगदाड आहे. मांजराने पाडलं, असं वहिनी सांगतात. मांजर एवढ्या उंचीवर उभं राहून बोलत नाही, असं माझं मत. तर परवा, संक्रांत आठवड्यावर असताना, त्या भगदाडातून हिरव्या ढाळ्याची जुडी आत आली. ढाळा आला की मागून बातमी येतेच.

"गुरुजी, आयकलं का? आमचं पोरगं नवा शिपू घ्यायचा म्हणायलंय. चाळीस हजार!"

शिपू म्हणजे सीपीयू. आमच्या पाली गावात अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू आत फॅनखाली दडलेला एक चपटा चौकोन असतो, हे मी वहिनींना दोनदा सांगितलंय. त्यांनी दोन्ही वेळा "असंल" म्हणून सोडून दिलं.

पोराचं हायवेच्या कडेला ई-सेवा केंद्र आहे. 2025 च्या डिसेंबरात लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची 31 तारीख जवळ आली तसा तिथं बायांचा मेळा भरला. ओटीपी येईना, आणि आला तर मशीन अडकलेलं. पोरगं दर वेळी "सर्व्हर डाऊन हाय, मावशी" म्हणायचं. निम्म्या वेळा ते खरं होतं. उरलेल्या निम्म्या वेळा डाऊन होतं ते त्याचं स्वतःचं मशीन: चौथ्या पिढीचं आय-थ्री, 4 जीबी रॅम आणि मेंढरासारखी कुरकुरणारी जुनी हार्ड डिस्क.

मला यातलं कळतं त्याचं श्रेय धाकाला. 2007 च्या डिसेंबरअखेर एमएस-सीआयटी पास झालो नसतो तर वेतनवाढीवर गदा येणार होती. रडतखडत पास झालो. मग शाळेतली मशीनं बंद पडली की सगळे माझ्याकडं बघायचे, आणि स्क्रू ड्रायव्हर हातात आला तो सुटलाच नाही.

"चाळीस हजार कशाला?" मी विचारलं.

"त्यो पुण्याचा भाचा. फोनवरून सांगतोय, ग्राफिक कार्ड घे, अमुक घे. अन् म्हणतोय, तुझ्या मशिनात बाटलीचं नरडं हाय."

बॉटलनेक! शब्द भाच्याचा, भाषांतर वहिनींचं, आणि म्हणणं मात्र शंभर टक्के खरं. मी म्हटलं, "वहिनी, बिंदुसरा धरण कुठं आहे?"

"हे काय, उशाला."

"आणि नळाला पाणी?"

"करंगळीएवढं. धरण उशाला अन् कोरड घशाला!"

तसंच आहे ते. प्रोसेसर म्हणजे धरण, हार्ड डिस्क म्हणजे नळ. धरणाची उंची वाढवून तुमची घागर लवकर भरत नाही. जुन्या डिस्कमध्ये तबकडी गरगरते आणि सुई जागा शोधत फिरते; एसएसडीत फिरणारं काही नसतंच. त्याच मशीनला नुसती एसएसडी लावली की चालू व्हायला चहा होईस्तोवर लागायचा वेळ चूळ भरेपर्यंत येतो. अर्ज भरणं, पीडीएफ काढणं, अंगठा घेणं यात ग्राफिक कार्डाला कामच नाही. ते खेळांना आणि व्हिडिओवाल्यांना. आणि ऊस तोडून ज्यांच्या अंगठ्यावरच्या रेषाच गेल्यात, त्यांचा अंगठा चाळीस हजारांच्या मशीनवरही उठत नाही.

"मंग नवं घेऊच नये?"

इथं मी जरा अडखळलो, कारण पोराची एक बाजू खरी होती. विंडोज 10 चा सांभाळ 14 ऑक्टोबर 2025 ला थांबला. नाव नोंदवलं तर वर्षभराची वाढीव मुदत मिळते, ऑक्टोबर 2026 पर्यंत. विंडोज 11 ला इंटेलचा प्रोसेसर निदान आठव्या पिढीचा लागतो आणि टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते. चौथ्या पिढीचं मशीन त्या दारात उभं राहू शकत नाही. अन् ज्या डब्यातून गावाचे आधार आणि बँक पासबुकं जातात, तो उघड्यावर ठेवणं बरं नव्हे.

तेवढ्यात पोरगंच आलं. हातात कोटेशन. मी चष्मा चढवला. पहिल्याच ओळीत प्रोसेसरच्या आकड्यापुढं इंग्रजी एफ.

"हा एफ दिसला का रे?"

"स्वस्त हाय म्हणून घेतला, गुरुजी."

स्वस्त का, तर इंटेलच्या त्या एफला अंगचं ग्राफिक नसतं. वेगळं कार्ड लावलं नाही तर पडद्यावर अमावस्या. एकाने असंच मशीन जोडून आणलं होतं. दोन दिवस मॉनिटरलाच शिव्या घालत बसला. पोरानं जीभ चावली. तरी त्याचं खरं दुखणं खालच्या ओळीत होतं. रॅम.

"दिवाळीआधी घ्यायला पायजे होती. ज्या पैशात 16 जीबी यायची, त्यात आता 8 बी मिळंना. थांबावं म्हणतो, भाव उतरंल."

उतरेल कशानं? जगातली जवळजवळ सगळी रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन हे तिघे बनवतात. तिघांचीही चिप आता एआयच्या डेटा सेंटरांकडं वळलीय, कारण तिकडं पैसा जास्त. मायक्रॉनने तर 3 डिसेंबर 2025 ला जाहीरच केलं, की किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा क्रूशियल हा आपला ब्रँड बंद करणार. नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. कापूस नाही हा, की भाव दिसला म्हणून पुढच्या मृगात पेरा वाढवला.

"जुनी रॅम काढून नव्यात लावली तर?" वहिनींनी विचारलं. प्रश्न पोरापेक्षा शहाणा होता. पण जुनी डीडीआर-3. नव्या बोर्डावर डीडीआर-4 किंवा 5. खाचच वेगळ्या जागी असते, बसतच नाही.

मग मी माझा हिशेब मांडला. तूर्त 256 ची एसएसडी, ती पुढं नव्या मशीनलाही चालेल. विंडोजची वाढीव मुदत नोंदवून घ्यायची. नवा डबा मे महिन्यात, भाव काहीही असो, कारण जूनपासून दाखले आणि मग पीकविमा. त्या रांगेत मशीन बदलत बसणं म्हणजे वरातीत घोडा बदलणं. तेव्हाही प्रोसेसर मधला, अंगच्या ग्राफिकचा, रॅमची एकच 8 ची पट्टी आणि बोर्डावर दुसऱ्या पट्टीला जागा मोकळी. कंपन्यांनी काढलेलं आठव्या-दहाव्या पिढीचं वॉरंटीतलं जुनं मशीन मिळालं तर तेही पाहायचं, रॅम त्यातच असते. काटकसर मात्र एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या पेटीवर, करायची नाही. आपल्याकडची वीज कधी नाचते, कधी झोपते. हलका एसएमपीएस जाताना बोर्डालाही घेऊन जातो. अर्थिंगच्या खड्ड्यात शेवटचं पाणी कधी टाकलं, असं विचारलं तर पोरगं आभाळाकडं बघायला लागलं.

"आधी डबा तरी उघड," मी म्हणालो.

तसेच उठून केंद्रावर गेलो. झाकण काढलं तर फॅनच्या पात्यांवर बोटभर पिवळट भुसकट. वर पाहिलं. मशीनच्या मागं भिंतीला लावून सोयाबीनची अठरा पोती. सप्टेंबरच्या अतिवृष्टीतून वाचलेलं तेवढंच. दादांनी, म्हणजे पोराच्या वडिलांनी, थप्पी मारून ठेवलंय. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328, बाजारात त्याच्या खालीच मागतात, म्हणून थांबलेत. बाप भाव चढायची वाट बघतोय आणि लेक उतरायची, एकाच खोलीत, आणि बापाच्या भावाची धूळ लेकाच्या मशीनमध्ये.

ब्लोअर मारला. मशीनची घरघर निम्म्यानं कमी झाली. वहिनी दारात पदर नाकाला लावून उभ्या होत्या.

"गुरुजी, शिपूचं मे मधी. मंग ही पोती कवा इकायची, त्ये बी सांगा की."

मी ब्लोअरची वायर गुंडाळायला घेतली.