दणका हवा, तर शांतता ठेवा

रॉकचा दणका निव्वळ मोठ्या आवाजाने येत नाही. दणक्याच्या आधी थोडी उसंत असावी लागते. ज्या अल्बमना हे कळलं ते टिकले; ज्यांना नाही कळलं, त्यांची चांगली गाणीही कान थकवतात. नावं घेऊनच बोलतो.

ओअ‍ॅसिस, 'बी हिअर नाऊ' (1997): 71 मिनिटं, आणि गिटारीवर गिटार, तीवर आणखी एक गिटार. चाली सुरेख आहेत, म्हणूनच जास्त राग येतो. बँडच्या नोएल गॅलाघरने पुढे हा अल्बम नव्याने मिक्स करायला घेतला आणि एकच गाणं करून थांबला. निम्म्या गिटारी काढल्या असत्या, तर अल्बम वाचला असता.

मेटॅलिका, '...अँड जस्टिस फॉर ऑल' (1988): 1986 मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात बँडचा बेसवादक क्लिफ बर्टन गेला. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बेस इथे जवळजवळ ऐकूच येत नाही. एवढी ताकदीची रचना, आणि जोत्याशिवाय उभा केलेला वाडा! न्यूस्टेडवर हा अन्याय होता आणि ऐकणाऱ्यांवरही.

मेटॅलिकाच, 'डेथ मॅग्नेटिक' (2008): वाद्यांचा आवाज इतका दाबून वर चढवलाय की ड्रमचा ठोका फाटतो. 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये हीच गाणी जास्त मोकळी वाजतात, आणि अनेक चाहत्यांनी तीच आवृत्ती जवळ केली. कारण सोपं आहे. सीडीवर आवाजाला वरची मर्यादा असते. हळू भाग उचलून त्या मर्यादेला नेऊन टेकवला, की मोठा भाग मोठा वाटतच नाही.

आता उलट बाजू.

पिक्सीज, 'डूलिटल' (1989): कडव्यात बेस आणि ड्रम, बाकी जागा मोकळी, मग एकदम किंकाळी. निर्वाणाच्या कर्ट कोबेनने हा धडा पिक्सीजकडूनच घेतला आणि तसं उघड सांगितलंही.

निर्वाणा, 'इन यूटेरो' (1993): ध्वनिमुद्रण करणाऱ्या स्टीव्ह अल्बिनीने खोलीभर माइक लावून ड्रम टिपले. ड्रमर डेव्ह ग्रोलचा ठोका भिंतीला आपटून परत येतो, तो इथे ऐकू येतो. अल्बिनीने रॉयल्टी नाकारली, ठरलेली रक्कम घेतली. त्यांचा आधीचा 'नेव्हरमाइंड' गुळगुळीत आहे. हा खरखरीत आहे आणि माझ्या मते त्याहून मोठा.

आर.ई.एम., 'ऑटोमॅटिक फॉर द पीपल' (1992): ग्रंजच्या भर गर्दीत यांनी आवाज खाली आणला. काही गाण्यांची तंतुवाद्यं लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सने बांधली. मृत्यूबद्दल इतक्या संयमाने बोलणारा दुसरा रॉक अल्बम मला सापडलेला नाही.

माय ब्लडी व्हॅलेंटाइन, 'लव्हलेस' (1991): कोणी म्हणेल, इथे तर गिटारींचा पूर आहे. आहेच. पण केविन शील्ड्स ट्रेमोलोच्या दांड्याने सूर सतत वाकवतो, गायकी मागे ठेवतो, आणि त्या पुरात श्वास घ्यायला जागा राहते. म्हणजे प्रश्न थर किती हा नाहीच; थरांमध्ये हवा आहे का, हा आहे.

म्हणून एक आग्रह. आवडत्या अल्बमची 'रीमास्टर' आवृत्ती घेण्याआधी जुनी सीडी मिळवून ऐका. बऱ्याचदा नव्या आवृत्तीत फक्त आवाज चढवलेला असतो. आवाजाचं बटण ऐकणाऱ्याच्या हातात आहे. ते काम कंपनीने आधीच उरकून ठेवू नये.