निवट्यांचा मुलूख

भक्ष्याभक्ष्याचा निवाडा करण्याच्या कामी आपल्या पूर्वजांनी जेवढी शाई खर्च केली, तेवढी बांधाच्या दाव्यांतही कोणी केली नसेल. पाच नखांच्या प्राण्यांचे मांस धर्मशास्त्रकारांनी एकंदरीत निषिद्ध ठरविले आणि लगेच साळिंदर, घोरपड, गेंडा, कासव व ससा यांपुरती त्या हुकुमाला सूटही दिली. मात्र गेंड्याला माजघरापर्यंत आणून त्याचे कालवण करणारा गृहस्थ कोण असावा, याचा खुलासा त्या दप्तरात कोठेही सापडत नाही.

ही सारी हकीकत मला उरणजवळच्या जासईच्या वाटेवर ऐकावी लागली, कारण महसूल खात्यातून सेवानिवृत्त झालेले एक स्नेही माझ्या समवेत होते, आणि जानेवारी 2024 पासून उरणपर्यंत धावू लागलेल्या लोकलमध्ये त्यांना आवरणारे दुसरे कोणी नव्हते. पापलेट आणि सुरमई यांपलीकडे घरी न जाणारे हे गृहस्थ परदेशगमनानंतर अचानक उदारमतवादी झाले होते. पॅरिसमध्ये लसूण-लोण्यात शिजविलेल्या गोगलगाई आपण कशा निर्विकार चित्ताने भक्षण केल्या आणि बर्फावर मांडलेली कालवे लिंबू पिळून जिवंतच कशी गिळली, याचे वर्णन खिडकीबाहेर खाजणे व कंटेनरांच्या राशी मागे पडत असताना अखंड चालू होते.

जासईतील ज्या आगरी कुटुंबाने आम्हांस भोजनाचे आमंत्रण दिले होते, त्यांच्या अंगणात पोहोचताच या उदारमतवादाची कसोटी लागली. घरातल्या वहिनी टोपलीतील निवट्या राखेने चोळून त्यांचा बुळबुळीतपणा काढीत होत्या. निवटी हा मासा खरा. परंतु मत्स्यजातीच्या रीतिरिवाजांचा तो फारसा मुलाहिजा ठेवीत नाही. ओहोटीला पाणी उतरले, की तो बिळातून बाहेर पडतो, पुढच्या परांवर रेटा देत चिखलातून चालतो, प्रसंगी उडीही मारतो आणि अंग ओले असेपर्यंत कातडीनेही श्वासोच्छ्वास करतो. त्याचे डोळे मूळ आराखड्यात राहून गेल्यामुळे मागाहून टाळूवर बसविल्यासारखे दिसतात. टोपलीतल्या एका जिवंत निवटीने त्या डोळ्यांनी आमच्या स्नेह्यांकडे रोखून पाहिले, तेव्हा ते दोन पावले मागे सरले आणि म्हणाले, "हा तर बेडूक!"

"काका, बेडूक नाय, निवटी हाय. खाऊन तं बघा," वहिनी मान वर न करता म्हणाल्या.

पंगत बसली. आगरी मसाल्याचा लालभडक रस्सा, त्यात कैरीच्या फोडी आणि सोबत तांदळाची भाकरी. स्नेह्यांनी बराच काळ विचार करून स्वतःशीच एक तहनामा केला, की रश्शाला डोळे नसतात, सबब रस्सा ग्राह्य व तुकडे अग्राह्य. आणि या कलमाच्या आधाराने त्यांनी रश्शाच्या तीन वाट्या रिचविल्या. भीड चेपल्यावर त्यांनी पॅरिसचे आख्यान पुन्हा लावले. घरातला धाकटा मुलगा निवटीचा काटा काढता काढता थबकला. "गोगलगाय?" तो शिसारीने म्हणाला, "ती कोन खातं?" पुढे काही काळ भाकरी मोडण्याखेरीज दुसरा आवाज झाला नाही.

त्या पोराने नकळत जे विचारले, त्याचे उत्तर इतिहासातही आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्याच्या अन्नभोगाच्या प्रकरणात नदीकाठचे उंदीर तेलात परतून किंवा सळईला लावून निखाऱ्यावर भाजण्याची कृती या राजाने तपशीलवार नोंदविली आहे. तोच उंदीर भातकापणीनंतर रायगडातील कातकरी बिळे उकरून काढतो, तेव्हा आपण त्याच्या मागासलेपणावर अहवाल लिहितो. उरणच्या खडकांवरून आगरी-कोळी स्त्रिया कोयत्याने फोडून आणतात ते कालव आणि स्नेह्यांनी बर्फावरून उचलले ते कालव यांच्या कुळात काडीचा फरक नाही. फरक आहे तो बशीत व बिलात. आपली किळस प्राण्याचे रूप पाहून जेवढी उठते, त्याहून अधिक ताट कोणाचे आहे हे पाहून उठते.

निवट्यांचा मुलूख मात्र आता आक्रसत चालला आहे. शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या जासई गावाच्या परिसरात नवी मुंबईसाठी संपादित झालेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले आणि त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, पुढे भराव वाढत गेले. खाजणातल्या बिळांचा सातबारा नसल्यामुळे निवट्यांना साडेबारा टक्क्यांतले काही मिळाले नाही.

वाचकांपैकी कोणी तिकडे जाणार असल्यास एवढे ध्यानात ठेवावे. शास्त्राने मोकळी ठेवलेली घोरपड 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद केली आहे, तेव्हा तिची चौकशीही करू नये. निवटी पानात आली, तर तिला बेडूक म्हणू नये. आणि पॅरिसला जाऊन आला असाल, तर जेवण आटोपेपर्यंत त्याची वाच्यता करू नये.