वाटत नाही!

नालासोपाऱ्याचा माणूस सकाळी चर्चगेटला निघतो आणि आधी उलटा विरारला जातो. तिथे गाडी रिकामी होते, बसायला मिळतं. त्याला कुणी विक्षिप्त म्हणत नाही. मी एकोणीस वर्षं त्याच डब्यात, त्याच दाराच्या त्याच दांड्याला धरून उभा राहतो आणि नायगाव सोडून खाडीचा पूल आला की बोटांनी दांड्यावर ताल धरतो. मी मात्र चक्रम.

चाळिसाव्या वर्षी कळलं की चक्रमला शास्त्रीय नाव आहे, ऑटिझम. मराठीत स्वमग्नता. हा शब्द ज्याने घडवला त्याला नमस्कार आणि एक तक्रार. स्वतःत मग्न व्हायला मला वेळ कधी मिळाला? माझा अख्खा दिवस दुसऱ्यांत मग्न असतो. हा हसला, म्हणजे विनोद झाला का? 'या एकदा घरी' म्हणजे खरंच जायचं का? (नाही जायचं. हे मला एकदा जाऊनच कळलं.)

पुरुष आवडतात हे त्याच्या बरंच आधी, शाळेतच कळलं होतं. तेव्हा कलम 377 होतं. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचा काटा काढला, 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो परत रोवला, 2018 मध्ये पुन्हा उपटला. ताटातली चटणी उजवीकडे वाढली तरी ज्याचं जेवण बिघडतं, त्याच्या नशिबी हे असं चंचल कलम!

आता दोन्ही गोष्टी चार माणसांना सांगून झाल्या आहेत आणि दोन्ही वेळा एकच प्रतिक्रिया आली. "छे, वाटत नाहीस रे!" सांगणारा हे प्रेमाने, पाठीवर थाप मारून सांगतो. (थापही मला सहन होत नाही, पण ते असो.) अहो, वाटू नये म्हणूनच तर तीस वर्षं राबलोय! चालायचं कसं, हात किती हलवायचे, समोरच्याच्या भुवयांच्या मधोमध बघितलं की डोळ्यांत बघितल्यासारखं दिसतं, क्रिकेटवर कुठे 'च्यायला' म्हणायचं, हे सगळं पाठ केलंय. ना त्याचा पगार, ना प्रॉव्हिडंट फंड. आणि 'वाटत नाही' हा म्हणे बोनस.

सर्वांत यशस्वी प्रयोग कांदेपोह्यांचा. विरार पश्चिमेच्या आमच्या दोन खोल्यांत एकूण सात स्थळं येऊन गेली. मी मुलीकडे बघत नसे. भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशी कधी आहे ते बघत असे. मुलीचे वडील खूश. "मुलगा नजर वर करत नाही हो, संस्कारी आहे." माझ्या दोन्ही भानगडी पोह्यांच्या एकाच बशीत उघड्या पडल्या होत्या आणि अख्ख्या बैठकीला त्यात संस्कार दिसले. वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर आईने लिहिलं होतं, 'शांत, निर्व्यसनी, घरी राहण्याची आवड.' याहून अचूक निदान पुढे डॉक्टरांनाही जमलं नाही.

'वाटत नाही' हा बोनस आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच काढला असं मला वाटायचं. तसं नाही, त्याला मोठं घराणं आहे. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ ओले इव्हार लोव्हास. 1974 मध्ये त्यांनी जॉर्ज रेकर्स यांच्यासोबत एका पाच वर्षांच्या आतल्या 'बायकी' मुलाला सुधारल्याचा निबंध छापला. बाहुलीशी खेळला की आईने तोंड फिरवायचं, बंदुकीशी खेळला की कौतुक करायचं. घरी चांगल्या वागण्याला निळी चकती, बायकी वागण्याला लाल. लाल चकत्यांचा हिशेब वडिलांच्या हातच्या मारानेही चुकता व्हायचा. याच लोव्हासनी 1987 मध्ये ऑटिझमवरचा गाजलेला निबंध लिहिला. आठवड्याला चाळीस तास शिकवणी आणि 19 पैकी 9 मुलं 'नॉर्मल'. म्हणजे काय, तर वर्गातल्या इतर मुलांत ओळखू येत नाहीत. म्हणजे काय, तर वाटत नाहीत! दोन दुखणी, शिंपी एक, माप एकच. तो चकत्यांचा मुलगा मोठा झाला आणि 2003 मध्ये त्याने आत्महत्या केली. 2010 मध्ये रेकर्स युरोपच्या सहलीवरून एका देहविक्रय करणाऱ्या तरुणासोबत परतताना सापडले. सामान उचलायला माणूस हवा होता, असा खुलासा त्यांनी केला. विरार फास्टमध्ये इतकी वर्षं बॅगा वर टाकून देतोय, असली सोय कुणी सुचवली नाही.

आपल्याकडे ऑटिझम मोजायची सरकारी पट्टी आहे, आयएसएए. 40 प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. म्हणजे काहीच नसलं तरी 40 खिशात. इतक्या उदार मनाने मला शाळेत कुणी गुण दिले नाहीत. 70 च्या आत राहिलात तर तुम्ही नॉर्मल. नजर टाळतो का? एकट्याने तेच ते खेळत बसतो का? चाळीस वर्षांचा माणूस काय खेळणार? मी एक्सेल खेळतो. कंपनी त्याला मार्चअखेर म्हणते.

कायदाही बघा. 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आमच्यासारख्या प्रौढांना, गरज पडली तर, पालक नेमायची सोय करतो. त्यासाठी अर्ज कोण करणार? आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था. नातेवाईक म्हणजे रक्ताने, लग्नाने किंवा दत्तक घेऊन जोडलेला. माझ्यासोबत अकरा वर्षं राहणारा वसईगावचा माणूस यात कुठे बसतो? रक्त वेगळं. लग्नाचं 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टाने 'संसदेला विचारा' म्हणून सांगितलं. राहिलं दत्तक, तर तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मिक्सर लावायच्या आधी मला सांगणारा, सुकेळी आणताना नेहमीच्याच दुकानातली आणणारा हा माणूस अर्ज करू शकत नाही. आईचा चुलतभाऊ करू शकतो. त्याला माझं खरं नावही ठाऊक नाही. तो मला बंड्या म्हणतो.

रेशनकार्डावर मात्र 2024 मध्ये केंद्राने आमच्यासारख्या जोडप्यांना एक घर धरायला राज्यांना सांगितलं. तेव्हा तांदळापुरतं आमचं नातं आहे.

निदानाच्या वेळी डॉक्टरांना लहानपणाची माहिती हवी होती, म्हणून आईला नेलं. "लहानपणी वस्तू ओळीत लावायचा का?"

"लावायचा. त्यात काय? मीही डबे तसेच लावते. हललेले मला चालत नाहीत."

"एखादी गोष्ट फिरताना बघत बसायचा?"

"शिलाई मशीनचं चाक. आम्ही दोघंही बसायचो बघत. छान वाटतं."

"आवाजाचा त्रास व्हायचा?"

"कुकरच्या शिट्टीला कान झाकायचा. मग मी कुकर लावणंच सोडलं. मलाही कुठे सोसायची ती? हे असं सगळ्यांचंच असतं हो, डॉक्टर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि आईकडे निरखून पाहिलं. आई केव्हापासून पंख्याकडे बघत होती.