पुस्तकावर खुणा करू नयेत

‘सध्या काय वाचताय?’ या प्रश्नाला मी देतो ते उत्तर आणि मी खरोखर वाचत असतो ते पुस्तक, या दोघांची अजून ओळख झालेली नाही. उत्तरासाठी मी ‘हिंदू’ राखून ठेवलं आहे. नेमाड्यांची ही कादंबरी २०१० साली आली आणि तेव्हापासून मी ती ‘सध्या’ वाचतो आहे. २०१४चं ज्ञानपीठ त्यांना जाहीर झालं तेव्हा सोसायटीतल्या दोघातिघांनी जिन्यात माझंच अभिनंदन केलं. मी नम्रपणे स्वीकारलं. ‘जगण्याची समृद्ध अडगळ’ या तिच्या उपशीर्षकातला शेवटचा शब्द बायको माझ्या कपाटाला उद्देशून वापरते, मधला गाळते.

प्रत्यक्षात मी वाचतो ते गेल्या दिवाळी अंकातलं वार्षिक राशिभविष्य. तेही श्रावणात. काय काय घडायचं राहून गेलं ते कळतं.

पण आमच्या वाचनकट्ट्यावर हे सांगता येत नाही. तिथे मत लागतं. आणि मत असायला पुस्तक संपवावं लागतं हा एक भोळा समज आहे. उलट, संपवलेल्या माणसाचं मत अगदीच मिळमिळीत असतं. आमचे बँकवाले काका प्रत्येक पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून येतात. मग म्हणतात, ‘‘बरं आहे. मधे जरा लांबलंय.’’ यावर चर्चा काय करणार? मी मात्र प्रस्तावना आणि मलपृष्ठ एवढ्या भांडवलावर वीस मिनिटं सहज काढतो. ‘‘लेखकाला काळाचं भान आहे, पण...’’ असं म्हणून मी चष्मा काढतो आणि पुसायला घेतो. काच स्वच्छ होईतो कुणीतरी माझं वाक्य पुरं करतं. मी चष्मा चढवत ‘‘तेच म्हणतोय मी,’’ असं म्हणतो आणि व्यासंगी ठरतो.

हल्ली तर तेवढेही कष्ट नकोत. पुस्तक, शेजारी कॉफीचा मग, मगातून वाफ, खाली ‘निःशब्द!’ आणि त्याखाली निःशब्द झालेल्या माणसाचे चारशे शब्द. सगळंच ‘अप्रतिम’, सगळंच ‘प्रत्येकाने वाचावं असं’, पाचापैकी पाच तारे. जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ होऊन ‘ललित’ मासिकात लेखकांची यथेच्छ फिरकी घेत, आणि आज आपलं नाव का नाही म्हणून लेखकच खट्टू होत असतील असं मला वाटतं. आता तीन तारे दिले तर लेखकाचा फोन येतो.

खरी मतं मी वाचली ती वाचनालयाच्या पुस्तकांच्या समासात. (इथे जरा रेंगाळणार आहे. घाई असेल त्यांनी दोन-तीन परिच्छेद सोडावेत; पुस्तकांत तरी दुसरं काय करतो आपण?) देवघेवीच्या खिडकीतून आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर जांभळा शिक्का असतो: पुस्तकावर खुणा करू नयेत, पाने दुमडू नयेत. त्या शिक्क्याखालीच पहिली खूण असते: ‘पान ५२ बघा.’ ५२वर ‘पान ११७ बघा.’ ११७वर ‘गाढवा, पुस्तक वाच.’ इतका नेमका उपदेश मला एकाही समीक्षकाने केलेला नाही.

बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांतल्या आमच्या वाचनालयात आलेल्या सगळ्यांचे खुनी फोडण्याचं कार्य एका सभासदाने अंगावर घेतलं होतं. दहाव्याच पानावर, बॉलपेनने: ‘खुनी मामा.’ त्याखाली दुसरं अक्षर: ‘मामा नाही. मीही फसलो. पुढे वाचा.’ आणि खरंच मामा नव्हता. म्हणजे हा गृहस्थ पुस्तक न संपवताच मत देत होता. मला तो पाहताक्षणी आपला वाटला.

‘मृत्युंजय’मध्ये तर वादसभाच. शिवाजी सावंतांनी ती कादंबरी कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण अशा निरनिराळ्या तोंडांनी सांगितली. वाचनालयाने आणखी चार तोंडं पुरवली. निळी शाई: ‘व्यासांनी असे लिहिलेले नाही.’ शिसपेन्सिल: ‘मग व्यासच वाचा ना.’ निळी शाई, दाबून: ‘वाचले आहेत.’ तिसरा कुणी, बारीक अक्षरात: ‘भांडू नका, मला परत करायचंय उद्या.’

आणि ‘स्वामी’. त्या प्रतीत एकच हात होता, जांभळ्या पेन्सिलीचा, अक्षरं मोडी गिरवलेल्या वळणाची, एकमेकांना धरून चालणारी. हात बाईंचा, हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण राघोबादादांचं नाव येईल तिथे समासात फक्त ‘मेला’ असं लिहिलं होतं. बाकी ठिकाणी एक शब्द नाही. मग माधवरावांचा क्षय बळावतो, आणि जांभळी पेन्सिल एकदम बोलू लागते. ‘दगदग पुरे आता.’ दोन पानांनी: ‘औषध वेळेवर घ्यावे.’ आणखी पुढे: ‘ऐकत नाहीत.’

माधवराव पेशवे थेऊरला गेले ते १७७२ साली, सत्ताविसाव्या वर्षी. त्या बाईंना हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. शाळेत सनावळी घोकलेली पिढी ती. तरी त्या सांगत होत्या. शेवटच्या प्रकरणात पेन्सिल नाही.

या कादंबरीवर माझं मत होतं बरं का. ‘भावविवशता हा आपल्या ऐतिहासिक कादंबरीचा पिढीजात दोष’ असं ते होतं, आणि कट्ट्यावर त्याला टाळ्या पडल्या होत्या. ती प्रत हातात आल्यावर मात्र मी दुपारभर ‘स्वामी’ वाचत बसलो. खरं सांगायचं तर रणजित देसाईंना कमी आणि त्या बाईंना जास्त. त्यांनी पाचापैकी किती तारे दिले असते, याचा विचारसुद्धा करवत नाही.

पुढच्या खेपेला तीच प्रत मागितली तर देवघेवीवरच्या मुलीने कोरी करकरीत नवी प्रत पुढे केली. ‘‘जुनी निर्लेखित केली, काका. विद्रूप झाली होती.’’

‘‘म्हणजे गेली कुठे?’’

‘‘रद्दीत.’’

तिची काही चूक नाही. पोरगी नियमाने वागली. पुस्तकं जीर्ण होतात, जागा पुरत नाही, तपासणीला माणसं येतात, हे सगळं मला समजतं. पण त्या दिवशी मला जो राग आला तो माझ्या एकाही पुस्तकाला कुणी नाव ठेवल्यावर आलेला नाही. आणि नावं बरीच ठेवली गेली आहेत.

रागाच्या भरात मी कट्ट्यावर ठराव मांडला: यापुढे ‘काय वाचताय’ असं विचारू नये, ‘कितव्या पानावर आहात’ असं विचारावं. चर्चेअंती ठराव फेटाळला गेला. बाजूने एकटे बँकवाले काका. ठरावावर मत विचारलं तेव्हा म्हणाले, ‘‘बरा आहे.’’ माझं मत विरोधात पडलं, कारण मतदानाच्या आधी एका वहिनींनी मला माझा पान क्रमांक विचारला.

तेव्हा आता तुम्हालाच विनंती. फुटपाथवर, रद्दीच्या दुकानात, कुणाच्या माळ्यावर एखादी ‘स्वामी’ची जुनी प्रत दिसली आणि राघोबादादांच्या शेजारी जांभळ्या पेन्सिलीने ‘मेला’ लिहिलेलं असलं, तर मागतील तेवढे पैसे देऊन घ्या. मला नाही दिलीत तरी चालेल. खोडरबर मात्र लावू नका.